जुनी हार्ड डिस्क नव्या डेस्कटॉपला जोडली: एक ड्राइव्ह उघडतो, दुसरा ‘फॉरमॅट करा’ म्हणतो

बारवकाठ

नमस्कार. प्रश्न लांबला आहे, परंतु अर्धवट माहिती देऊन उत्तर देणाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारायला लावण्यापेक्षा जे घडले ते क्रमाने सांगितलेले बरे, असे मला वाटते.

वडिलांचा २०१० साली घेतलेला डेस्कटॉप मदरबोर्ड जळाल्यामुळे सहा वर्षांपासून माळ्यावर पडून होता. त्यातील ५०० जीबीची साडेतीन इंची साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) हार्ड डिस्क मी काढून घेतली आहे. वडील शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर चार वर्षे त्यांनी आमच्या तालुक्यातील बारवा आणि पायविहिरी हिंडून पाहिल्या. पायऱ्या किती, कोनाडे कोणत्या दिशेला, शिलालेख असल्यास त्याची नक्कल, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, असे सारे त्यांनी स्वतः मराठीत टंकून ठेवले. ते लिखाण आणि त्या वेळचे फोटो याच एका डिस्कवर आहेत. दुसरी प्रत नाही.

माझा आत्ताचा डेस्कटॉप तीन वर्षांपूर्वी जुळवलेला असून त्यात ५१२ जीबीची एम.२ एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डच्या खाचेत थेट बसणारी) आणि विंडोज १० आहे. कॅबिनेट उघडून जुनी डिस्क प्रथम मदरबोर्डच्या पाचव्या साटा पोर्टला लावली, तेव्हा ती बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्येही) दिसली नाही. मग दुसऱ्या पोर्टला लावली, तर संगणक जुन्या डिस्कवरूनच सुरू होऊ लागला. विंडोज ७ चे चिन्ह क्षणभर उमटले आणि लगेच निळा पडदा आला. बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम बदलल्यावर विंडोज १० सुरू झाले आणि ‘धिस पीसी’मध्ये तीन नवे ड्राइव्ह दिसू लागले. पहिला १०० एमबीचा, ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ नावाचा. दुसरा ९७ जीबीचा, म्हणजे जुना ‘सी’. हा उघडतो, परंतु त्यातील वडिलांच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केले की परवानगी नसल्याचे सांगून ‘कंटिन्यू’ करायचे का, असे विचारले जाते. तिसरा ३६८ जीबीचा, ज्यात बारवांचे मुख्य लिखाण आहे. त्यावर क्लिक केले की ‘वापरण्यापूर्वी हा ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागेल’ असा संदेश येतो. मी ‘कॅन्सल’ केले आहे आणि त्यानंतर कशालाही हात लावलेला नाही.

आणखी दोन गोष्टी. उघडणाऱ्या ड्राइव्हमधून वर्डची एक फाइल नव्या संगणकावर घेऊन उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. शिवाय एसएमपीएसबरोबर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याबरोबर) आलेली साटा पॉवर केबल तोकडी पडत असल्यामुळे डिस्क सध्या उघड्या कॅबिनेटशेजारी पुठ्ठ्यावर ठेवलेली आहे. एका मित्राकडे दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींच्या, एसएमपीएसची लांब केबल पडून आहे. माझा एसएमपीएसही मॉड्युलरच आहे आणि ती केबल त्यात व्यवस्थित बसते. ती वापरू का?

---

रात्रपाळी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात सर्वात मोठा धोका आहे. मित्राची ती केबल लावू नका. ती बसते, हे खरे. परंतु प्रमाण ठरलेले आहे ते केबलच्या डिस्ककडच्या टोकाचे. एसएमपीएसमध्ये खोचल्या जाणाऱ्या टोकाला असे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. कोणत्या पिनला १२ व्होल्ट, कोणत्या पिनला ५ व्होल्ट आणि कोणती जमीन (ग्राउंड), हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळे असू शकते. ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले की चालू करण्याच्या क्षणीच डिस्कचे सर्किट जळते. त्यानंतर तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट काढून लावावे म्हटले तरी बहुधा काम होत नाही, कारण त्या सर्किटवरील एका लहान चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची जुळणी नोंदवलेली असते आणि ती चिपही उखडून नव्या सर्किटवर बसवावी लागते. माझ्या स्वतःच्या हातून अशी एक डिस्क गेली आहे. केबल बसली म्हणजे चालेल, अशी माझीही समजूत होती.

डिस्क सध्या पुठ्ठ्यावर आहे ते उत्तमच आहे, फक्त सर्किटची बाजू कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू देऊ नका आणि डिस्क फिरत असताना ती उचलू किंवा सरकवू नका. पुढे ती आत बसवायचीच झाली तर साध्या साटा पॉवरची लांबी वाढवणारी एक्स्टेन्शन केबल मिळते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळेल. मोलेक्सवरून (पॉवरच्या जुन्या चार पिनांच्या जोडावरून) साटा करणारे जोड मिळतात, त्यातील सलग प्लास्टिक ओतून बनवलेली स्वस्त टोके टाळा. आत तारा एकमेकींना चिकटून पेट घेतल्याची उदाहरणे आहेत.

आता पोर्टचे. पाचव्या पोर्टला डिस्क दिसली नाही, याचा अर्थ पोर्ट बिघडले आहे असा नाही. अनेक मदरबोर्डांवर एम.२ ची खाच आणि शेवटची एक-दोन साटा पोर्टे यांची वाट सामायिक असते, एम.२ मध्ये एसएसडी बसली की ती पोर्टे आपोआप बंद होतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत याचा बारीक अक्षरांतला तक्ता असतो. डिस्क दुसऱ्या पोर्टला चालते आहे, तेव्हा हा विषय इथेच संपला.

निळ्या पडद्याचे कारणही साधे आहे. जुन्या डिस्कवर सुरू होण्यासाठी लागणारे सर्व काही शाबूत होते, बायोसने ती आधी उचलली, आणि जुन्या मदरबोर्डच्या हिशेबाने बसवलेल्या विंडोज ७ ला नव्या मदरबोर्डचा डिस्क नियंत्रक ओळखता आला नाही. ते सुरू झाले नाही याचा आनंद माना. झाले असते, तर त्याने नवे ड्रायव्हर शोधत, नोंदी करत त्या डिस्कवर बरेच काही लिहिले असते. बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वात वर ठेवा आणि जुनी डिस्क त्या यादीतून बादच करा.

जाता जाता एक. दुकानात गेलात तर तुम्हाला ‘स्लेव्ह लावून देतो’ असे सांगतील. तो शब्द आयडीईच्या काळातला आहे, जेव्हा एका रुंद पट्टीसारख्या केबलवर दोन डिस्क बसत आणि मागच्या इवल्याशा जंपरने मास्टर कोण, स्लेव्ह कोण, हे ठरवावे लागे. साटामध्ये एका केबलवर एकच डिस्क असते. तुमच्या डिस्कच्या मागे जंपरच्या पिना दिसल्या तरी त्यांना हात लावायचे कारण नाही.

---

रोखठोक

इतके घाबरण्यासारखे यात काही नाही. फॉरमॅटचा संदेश आला की चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासण्याचा प्रोग्रॅम) चालवावी, फाइल सिस्टिमच्या, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे या नोंदींच्या, चुका दुरुस्त होतात आणि ड्राइव्ह उघडतो. फोल्डरच्या परवानगीसाठी ‘कंटिन्यू’ दाबावे किंवा प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मालकी आपल्या नावावर करून घ्यावी. माझ्याकडे २००८ सालची डिस्क याच पद्धतीने जोडलेली असून ती आजही चालू आहे.

---

सेक्टरमोजणी

रोखठोक यांचा सल्ला निरोगी डिस्कसाठी ठीक आहे. ही डिस्क निरोगी आहे की नाही, हे अजून कोणी पाहिलेलेच नाही, आणि मूळ धाग्यात ‘दुसरी प्रत नाही’ असे स्पष्ट लिहिले आहे. एवढ्यावरून कामांचा क्रम बदलतो.

चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणे हे आहे, तुमच्या फाइली वाचवणे हे नव्हे. जी नोंद वाचता येत नाही ती ती काढून टाकते, जे तुकडे कोणाचे ते कळत नाही त्यांना क्रमांकाची नावे देऊन एका फोल्डरात टाकते, आणि हे सर्व मूळ डिस्कवरच लिहिते. डिस्कचे सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे लहान कप्पे, जात असतील, तर अशा लिहिण्याने जे वाचले असते तेही जाते. म्हणूनच, संगणक सुरू होताना विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला निघाले आणि ‘थांबवण्यासाठी कोणतीही कळ दाबा’ असे म्हणाले, तर त्या काही सेकंदांत कळ दाबा.

‘कंटिन्यू’चेही तसेच. जुन्या विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक ओळख क्रमांक होता आणि फोल्डरवरील परवानग्या त्या क्रमांकाला बांधलेल्या आहेत. नव्या विंडोजमध्ये तुमचे नाव वडिलांचेच ठेवले तरी क्रमांक वेगळा असल्यामुळे कुलूप उघडत नाही. ‘कंटिन्यू’ दाबले की विंडोज त्या फोल्डरातील प्रत्येक फाइलच्या परवानग्या बदलत सुटते. हजारो फोटो असतील, तर म्हाताऱ्या डिस्कवर हजारो ठिकाणी लिहिणे झाले. प्रत काढून झाल्यावर त्या प्रतीवर खुशाल दाबा.

आता पहिले काम. क्रिस्टलडिस्कइन्फो हा लहानसा मोफत प्रोग्रॅम नव्या संगणकावर घ्या आणि जुन्या डिस्कवर क्लिक करून चार ओळींतील ‘रॉ व्हॅल्यू’ इथे लिहा: ०५, सी५, सी६ आणि सी७. वरच्या कोपऱ्यातील चालू राहिल्याचे तासही लिहा. हा प्रोग्रॅम डिस्कने स्वतःविषयी ठेवलेली नोंद फक्त वाचतो. आकडे मिळाले की संगणक बंद करून डिस्कची पॉवर काढून ठेवा. आणि डिस्कमधून ठरावीक लयीत टक-टक असा आवाज येत असेल, तर आकड्यांच्याही मागे न लागता लगेच बंद करा. ते हेडचे (डिस्क वाचणाऱ्या भागाचे) दुखणे असते आणि ते घरी दुरुस्त होत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा कोणी सुचवेल, तो मुळीच करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरते.

---

बारवकाठ

तत्पर उत्तरांबद्दल मनापासून आभार. मित्राची केबल परत केली. टक-टक आवाज नाही. सुरू होताना एक घरघर येते आणि मग ती स्थिर होते.

वर पिवळ्या रंगात ‘कॉशन’ असे दिसते. चालू राहिल्याचे तास २१,६४० आहेत. ०५ च्या ओळीत सर्व शून्ये आहेत. सी५ आणि सी६ या दोन्ही ओळींत बरीच शून्ये आणि शेवटी १८ आहे. सी७ मध्ये शेवटी ३ आहे. अठरा सेक्टर म्हणजे फार का?

---

सेक्टरमोजणी

अठरा नव्हे, चोवीस. हा प्रोग्रॅम रॉ व्हॅल्यू मुळात सोळाच्या पाढ्याने दाखवतो, त्यामुळे १८ म्हणजे एक सोळा आणि आठ. सेटिंगमध्ये दशमान करता येते, पण आता त्याची गरज नाही.

सी५ म्हणजे जे सेक्टर वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल डिस्कने अजून लावलेला नाही, ते. ०५ म्हणजे जे कायमचे बाद करून राखीव जागेतले सेक्टर त्यांच्या जागी दिले गेले, ते. तुमच्याकडे ०५ शून्य आणि सी५ चोवीस आहे. याचा अर्थ दोष अलीकडचा आहे, कदाचित सहा वर्षे पडून राहण्यातला किंवा मदरबोर्ड जळाला त्या वेळचा. त्यानंतर त्या जागांवर काही लिहिले गेलेले नसल्यामुळे डिस्कला त्या बदलण्याची संधीच मिळालेली नाही. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला, तर चोवीस सेक्टर म्हणजे अवघे १२ केबी. परंतु ते १२ केबी कुठे पडले आहेत, यावर सर्व अवलंबून असते. एखाद्या फोटोच्या मध्यावर पडले, तर त्या फोटोत एक करडी पट्टी येईल. ड्राइव्हच्या अगदी पहिल्या सेक्टरवर पडले, तर ३६८ जीबी शाबूत असूनही विंडोज तो ड्राइव्ह कोरा समजून फॉरमॅट करायला सांगेल. तुमच्याकडे बहुधा हेच झाले आहे. सी७ मधील ३ हा डेटा केबलच्या जोडातील चुकांचा आकडा आहे. तो वाढत नसेल तर सोडून द्या, तरीही साटाची नवी डेटा केबल वापरा.

पुढचे काम फाइली ओढून घेण्याचे नाही, तर संपूर्ण डिस्कची सेक्टरमागून सेक्टर अशी नक्कल काढण्याचे आहे. विंडोजमधून फोल्डर ओढून कॉपी केले, तर पहिल्या खराब सेक्टरशी कॉपी अडते, विंडोज तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि त्या घासाघाशीत चांगला भागही धोक्यात येतो. ग्नू डीडीरेस्क्यू हे साधन उलट चालते. आधी जे सहज वाचता येते ते सर्व उचलते, अडलेली जागा सोडून पुढे जाते, आणि सर्वात शेवटी त्या सोडलेल्या जागांकडे परत येते. कोणती जागा झाली आणि कोणती राहिली, याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी वीज जाते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

त्यासाठी एक नवी १ टीबीची डिस्क घ्या. नक्कल ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा एका सेक्टरनेही लहान चालत नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) घेऊन संगणक त्यावरून सुरू करा, म्हणजे विंडोज मध्ये लुडबुड करणार नाही. तिथे जुनी डिस्क उघडून पाहण्याचा मोह टाळा. ती माउंट न करताच, म्हणजे फाइली न उघडताच, नक्कल निघते. मॅप फाइल मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, कारण ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू आहे त्यातले तात्पुरते लिखाण संगणक बंद होताच पुसले जाते. आज्ञा डीडीरेस्क्यूच्या मूळ माहितीपुस्तिकेतून जशीच्या तशी घ्या, इथल्या कोणाच्या आठवणीतून नको.

एंटर दाबण्यापूर्वी एकच गोष्ट दोनदा नव्हे, तर तीनदा तपासा: कोठून आणि कोठे. लिनक्स डिस्कना केवळ क्रमाची अक्षरे देते, आणि पोर्ट बदलले की तीही बदलू शकतात. म्हणून दोन्ही डिस्कच्या लेबलवरील मॉडेल आणि सिरीयल क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि पडद्यावरच्या क्रमांकांशी ताडून पाहा. इथे उलटसुलट झाले, तर नव्या कोऱ्या डिस्कची नक्कल वडिलांच्या लिखाणावर उमटेल, आणि त्यातून सोडवणारे साधन कोणाकडेही नाही.

डिस्क ठणठणीत असती, तर हे दोन तासांत उरकले असते. तुमच्याकडे बहुतेक भाग तेवढ्याच वेळात होईल आणि उरलेल्या काही केबींसाठी रात्र लागू शकेल. डिस्कवर पंख्याचा वारा येऊ द्या.

नक्कल झाल्यावर मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा. दोन्ही एकाच वेळी विंडोजला जोडू नका. नकलेवर सहीसुद्धा (विंडोज डिस्क ओळखते तो क्रमांक) मूळ डिस्कचीच असते, आणि एकाच सहीच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज त्यांतील एक ‘ऑफलाइन’ ठेवते. मग घोळ होतो. न उघडणाऱ्या ड्राइव्हसाठी नकलेवर टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम चालवा. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये पहिल्या सेक्टरची एक प्रत ड्राइव्हच्या शेवटच्या सेक्टरवर असते. टेस्टडिस्क ‘बूट सेक्टर खराब, बॅकअप चांगला’ असे म्हणाला, तर बॅकअप वापरण्याचा पर्याय निवडा.

---

रोखठोक

चोवीस सेक्टर प्रलंबित असतील, तर चेकडिस्कचा माझा सल्ला मी मागे घेतो. आकडे आधी विचारायला हवे होते.

---

जुळारी

हार्ड डिस्कमधले मला फारसे कळत नाही, पण खिचडी दिसणाऱ्या फाइलींविषयी सांगू शकतो, कारण डीटीपीच्या कामात वीस वर्षे हेच निस्तरत आलो आहे.

फाइल बिघडलेली नाही. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन बहुधा श्रीलिपी, सीडॅकचे आयएसएम किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये होत असे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ती फाइल इंग्रजी चिन्हांचीच आहे. तिच्यावर तो विशिष्ट फॉन्ट चढवला की डोळ्यांना मराठी दिसते. नव्या संगणकात तो फॉन्ट नसल्यामुळे वर्डने दुसराच चढवला आणि आतली चिन्हे उघडी पडली.

वर्डमध्ये त्या मजकुरावर कर्सर ठेवून वर फॉन्टच्या चौकटीत कोणते नाव दिसते ते पाहा. फॉन्ट नसला तरी नाव टिकून असते. मग जुन्या ‘सी’ ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातील फॉन्ट्स फोल्डरात त्या नावाची टीटीएफ फाइल मिळते का ते शोधा आणि ती नव्या संगणकात इन्स्टॉल करा. म्हणूनच, नक्कल काढताना ‘आपल्याला फक्त दुसऱ्या ड्राइव्हमधले लिखाण हवे आहे’ असे म्हणून जुना ‘सी’ सोडून देऊ नका. कित्येकांनी लेखन वाचवले आणि फॉन्ट भंगारात घातला, असे मी पाहिले आहे. इंटरनेटवरून त्याच नावाचा वाटणारा फॉन्ट उतरवला, तर कधी कधी निम्मीच अक्षरे जुळतात, कारण एका घराण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा बदललेल्या असत.

फॉन्ट बसला की मजकूर वाचता येईल. त्यानंतर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण मूळ फाइली ठेवाच. बदलणारे प्रोग्रॅम बरेच आहेत; त्यांची परीक्षा ‘वार्षिक’, ‘आर्थिक’, ‘मार्मिक’ अशा शब्दांवर करा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जाई, तर युनिकोडमध्ये रफाराचा ‘र’ आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. ज्या शब्दात दोन्ही एकाच अक्षरावर येतात, तिथे कच्चा प्रोग्रॅम हमखास अडखळतो. ‘पायऱ्या’ या शब्दावरही लक्ष ठेवा; तुमच्या वडिलांच्या लिखाणात तो पानोपानी असणार. शिलालेखांच्या नकला मात्र प्रोग्रॅमवर सोडू नका, त्या जुन्या फॉन्टात छापून घेतलेले रूप समोर ठेवून हाताने तपासा.

पेजमेकरच्या फाइली निघाल्या, तर त्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, पुढच्या आवृत्त्यांत नाही. उघडण्याआधी फॉन्ट बसवलेला असावा.

---

बारवकाठ

दहा दिवसांनी परत लिहितो आहे.

नवी १ टीबीची डिस्क आणि दोन साटा केबली आणल्या. सिरीयल क्रमांक वहीच्या पानावर लिहून, ते पान पडद्याला चिकटवून, धाकट्या भावाला मोठ्याने वाचायला लावून मगच एंटर दाबला. पहिल्या पावणेदोन तासांत जवळपास संपूर्ण डिस्क उचलली गेली. उरलेल्या जागांसाठी ते रात्रभर चालू ठेवले, मध्ये एकदा वीज गेली, आणि मॅप फाइलमुळे जिथे होते तिथूनच पुन्हा सुरू झाले. सकाळी ८,७०४ बाइट वाचता न आलेले दाखवत होते, म्हणजे सतरा सेक्टर. चोविसांपैकी सात शेवटी हाती लागले.

टेस्टडिस्कने नकलेवर सेक्टरमोजणी यांनी लिहिले होते नेमके तेच वाक्य दाखवले. बॅकअप निवडला, संगणक पुन्हा सुरू केला, आणि तिसरा ड्राइव्ह उघडला. आतापर्यंत पाहिलेल्या फाइलींत एक फोटो खालच्या तिसऱ्या भागात करडा झाला आहे. बाकी सर्व उघडतात. वडिलांच्या नावाच्या फोल्डरवर, अर्थात नकलेवर, ‘कंटिन्यू’ दाबले. वीस मिनिटे लागली.

फॉन्ट जुन्या ‘सी’मध्येच होता. पहिला प्रोग्रॅम ‘वार्षिक’वर पडला, दुसरा पास झाला. वडिलांना छापून दिलेल्या पहिल्या चाळीस पानांत त्यांनी लाल पेनने अकरा चुका काढल्या. त्यांतल्या चार प्रोग्रॅमच्या होत्या आणि सात त्यांच्या स्वतःच्या, २०११ मधल्या, असे त्यांनीच समासात लिहिले आहे. सर्व लिखाणाची एक प्रत आता पुण्याला बहिणीकडेही आहे.

एकच शंका उरली. जुनी डिस्क आता मोकळी आहे. ती कॅबिनेटमध्ये कायमची बसवून सिनेमे वगैरे ठेवायला वापरता येईल का?

---

रात्रपाळी

नकलेतील फाइली महिनाभर वापरून, सर्व काही आले आहे अशी खात्री होईपर्यंत तिला हात लावू नका. त्यानंतर विंडोजमधून ‘क्विक’ची खूण काढून तिला पूर्ण फॉरमॅट करा, त्यात प्रत्येक सेक्टरवर लिहिले जाते आणि प्रलंबित सेक्टरांचा निकाल लागतो. मग पुन्हा तेच आकडे पाहा. सी५ शून्यावर आला आणि ०५ शून्य किंवा एखाददुसऱ्या आकड्यावर थांबला, तर गेल्या तरी चालतील अशा सिनेमांसाठी ती वापरायला हरकत नाही. दर महिन्याला ०५ वर नजर ठेवा. पहिल्याच महिन्यात तो वाढला, तर ती ई-कचऱ्यात द्या. बसवताना पॉवरची एक्स्टेन्शन केबल घ्या, आणि स्क्रू साडेतीन इंची डिस्कचे, म्हणजे जाड आट्यांचे घ्या. लॅपटॉपच्या डिस्कचे बारीक आट्यांचे स्क्रू त्यात सैल फिरत राहतात आणि कॅबिनेट रात्रभर गुणगुणते.